मल्टीबूट पेनड्राइव्हला स्प्लॅश स्क्रीन लावली आणि बूटच होईना: काय आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

मल्टीबूट पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून अनेक सिस्टिममधली हवी ती सुरू करता येते असा पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं आणि हवा तो मेनू आला नाही, तर काहीही बदलण्याआधी एक गोष्ट नीट बघा: गाडी नेमकी कुठवर येऊन थांबली? थांबायची ठिकाणं पाचच आहेत.

पहिलं, मशीन पेनड्राइव्हकडे बघतच नाही. थेट विंडोज उघडतं किंवा काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं.

दुसरं, ‘व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन’ अशी चौकट येते आणि पुढे काही नाही.

तिसरं, सजावटीचा घोळ. मेनू येतो पण चित्र नाही, चित्र येतं पण मेनू नाही, अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, किंवा सगळाच पडदा काळा.

चौथं, मेनू छान दिसतो, पण एखादी आयएसओ, म्हणजे एका फाइलीत बांधलेली अख्खी इन्स्टॉल डिस्क, निवडली की एरर येते आणि पुन्हा मेनूवर.

पाचवं, आयएसओ सुरू होते, लिनक्सचं चिन्ह फिरत राहतं आणि दहा मिनिटं झाली तरी तेच.

तालुक्यातल्या काही शाळांच्या कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. प्रत्येक लॅबला एक पेनड्राइव्ह करून देतो: त्यात विंडोजची आयएसओ, एकदोन लिनक्स, मेमरी तपासायचं साधन, आणि सुरुवातीला शाळेच्या नावाची स्क्रीन, म्हणजेच स्प्लॅश स्क्रीन. यातला प्रत्येक बिघाड मी अनेकदा निस्तरला आहे. बहुतेक वेळा लोक चुकीच्या टप्प्यावर झगडत असतात. बूट होत नाही म्हणून थीम, म्हणजे मेनूची सजावट, पुन्हा पुन्हा बदलतात, आणि खरा दोष पोर्टमध्ये असतो. म्हणून आधी टप्पा ओळखा. शेवटच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

खालचं सगळं व्हेंटॉय हे मल्टीबूट पेनड्राइव्ह बनवायचं साधन धरून लिहिलं आहे. २०२० मध्ये ते आलं आणि मल्टीबूटचं काम फार सोपं झालं: पेनड्राइव्हवर ते एकदा बसवायचं, मग आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. आतून ते ग्रबवरच, म्हणजे लिनक्समध्ये बूटचा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामवरच, उभं आहे, त्यामुळे थीमचे नियम हातानं बांधलेल्या ग्रबलाही लागू पडतात. फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. पेनड्राइव्हवर ती इंग्रजीतल्या लहान अक्षरांतच ठेवा.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडा आणि कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल असणं हे लॅबमधलं नेहमीचं दुखणं आहे. हब आणि एक्स्टेंशन केबल काढून टाका. जुन्या मशीनवर निळ्या पोर्टऐवजी काळा, म्हणजे यूएसबी २ चा पोर्ट वापरा. काही जुन्या बायोसना, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामना, बूटच्या वेळी यूएसबी ३ दिसतच नाही. या एवढ्याशा बदलानं पहिल्या टप्प्यावरचेच नव्हे, चौथ्या टप्प्यावरचे बिघाडही जातात. विंडोजचा इन्स्टॉलर ‘मीडिया ड्रायव्हर मिसिंग’ म्हणतो किंवा उबुंटू ‘लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ दाखवतं, तेव्हाही मी आधी पोर्टच बदलतो.

मशीन पूर्ण बंद करा. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नुसतं शटडाउन केलं तर ते खरं बंद होत नाही, आणि बूट मेनूची की दाबायला फटच मिळत नाही. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा. किंवा चालू होताना बूट मेनूची की दाबा: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डवर एफ११, असूसच्या बोर्डवर एफ८ आणि त्यांच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण काही मॉडेलवर ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते.

मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावा. ही तपासणी सगळ्यांत मोलाची आहे आणि लोक हीच टाळतात. दुसरीकडे चालला, तर पेनड्राइव्ह पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नका, दोष पहिल्या मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडला, तर दोष पेनड्राइव्हवर आहे. अर्धं काम इथेच होतं.

फाइल पूर्ण आली आहे का

एकच आयएसओ चालत नाही आणि बाकीच्या चालतात, तर ती फाइल अपुरी उतरली असण्याची शक्यता दांडगी. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चारपाच जीबी उतरवताना जोडणी तुटते, ब्राउझर तरीही ‘पूर्ण झालं’ म्हणतो. ज्या पानावरून आयएसओ घेतली तिथे ‘शा-२५६’ नावाची लांबलचक संख्या दिलेली असते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’नं, लिनक्समध्ये ‘शा२५६सम’नं आपल्या फाइलची तीच संख्या काढा आणि ताडून बघा. व्हेंटॉयच्या मेनूत आयएसओवर उभं राहून एम दाबलं तरी ही पडताळणी होते. तिथे केलेली जास्त चांगली, कारण पेनड्राइव्हवर प्रत्यक्ष पोचलेली फाइल तपासली जाते.

उतरवलेली फाइल बरोबर आणि पेनड्राइव्हवरची चूक, असं निघालं तर कॉपी संपण्याआधी पेनड्राइव्ह उपटला गेला आहे. लिनक्समध्ये हे फार होतं. पडद्यावरची पट्टी १०० टक्क्यांवर पोचते, पण डेटा अजून मेमरीतून पेनड्राइव्हकडे जातच असतो. ‘इजेक्ट’ करा आणि काढायला हरकत नाही असं सांगेपर्यंत थांबा.

पेनड्राइव्ह आधी चालत होता आणि आता अचानक मेनूच नाही, अशा वेळी कोणी त्यातला छोटा भाग फॉरमॅट केला का ते विचारा. व्हेंटॉय दोन पार्टिशन करतं: एक मोठं, ज्यात आपल्या फाइली असतात, आणि दुसरं फक्त ३२ एमबीचं, ‘व्हीटॉयईएफआय’ नावाचं. सगळी बूटची यंत्रणा त्या छोट्यात आहे. विंडोजला ते वेगळं ड्राइव्ह म्हणून दिसलं की कोणीतरी निरुपयोगी समजून पुसतं. उपाय सोपा आहे. व्हेंटॉयचा प्रोग्राम उघडा आणि ‘अपडेट’ दाबा. ‘इन्स्टॉल’ दाबू नका. अपडेटनं तुमच्या आयएसओ जागेवर राहतात, इन्स्टॉलनं सगळं पुसलं जातं.

बायोसचा मोड आणि सिक्युअर बूट

लॅबमध्ये दोन पिढ्यांची मशीनं शेजारी शेजारी असतात. जुन्यांवर लेगसी बायोस, नव्यांवर त्याची जागा घेणारं यूईएफआय. व्हेंटॉय दोन्हीकडे चालतं, पण आतली आयएसओ चालेलच असं नाही. बूट मेनूत एकाच पेनड्राइव्हची दोन नावं दिसली, एकापुढे ‘यूईएफआय’ लिहिलेलं आणि दुसऱ्यापुढे नाही, तर दोन्ही करून बघा. विंडोज टाकायचं असेल तर हे अगदी महत्त्वाचं आहे: डिस्क ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीनं विभागलेली असेल आणि तुम्ही लेगसीमधून शिरलात, तर इन्स्टॉलर त्या डिस्कवर विंडोज टाकायला नकार देईल. तो दोष पेनड्राइव्हचा नाही.

‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ची चौकट आली तर घाबरू नका. ती सिक्युअर बूटची, म्हणजे ओळख नसलेला बूट प्रोग्राम अडवणाऱ्या सुरक्षेची असते. व्हेंटॉय बसवताना ‘सिक्युअर बूट सपोर्ट’ची खूण असली, तर या चौकटीत ओके म्हणून पुढे जाता येतं. कोणतीही की दाबा, ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ निवडा, त्यात व्हीटॉयईएफआय उघडा, ‘एन्रोल धिस की’ अशा नावानं सुरू होणारी फाइल निवडा, कंटिन्यू, येस, रीबूट. हे प्रत्येक मशीनवर एकदाच करावं लागतं. खूण नव्हती तर ती करून अपडेट मारा.

‘एसबॅट’ हा शब्द असलेली एरर मात्र वेगळी आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर ती बऱ्याच जणांना दिसली, कारण सुरक्षेसाठी लिनक्सचे जुने बूटलोडर तेव्हा बाद केले गेले. त्यावर उपाय म्हणजे नवं व्हेंटॉय आणि नवी आयएसओ.

आता इथे सावध राहा. आंतरजालावर सर्रास ‘सिक्युअर बूट बंद करा’ असा सल्ला मिळतो. ते करण्याआधी त्या मशीनवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. नव्या विंडोजमध्ये डिस्क मालकाच्या नकळतही कुलूपबंद झालेली असू शकते. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं हे कित्येकांना आठवत नाही. की हातात, कागदावर लिहिलेली असल्याशिवाय मी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ती सेटिंग बदलत नाही. तुम्हीही बदलू नका.

स्प्लॅश स्क्रीनचा घोळ

इथे सगळ्यांत जास्त वेळ जातो, म्हणून थोडं सविस्तर.

थीम लावण्याआधी साधा पेनड्राइव्ह पूर्ण चालवून बघा आणि मगच सजावटीला हात घाला. थीम आधीच लावली असेल तर व्हेंटॉयच्या मेनूत एफ७ दाबा. त्यानं चित्राचा पडदा जाऊन साधा अक्षरी मेनू येतो. पडदा काळा दिसत असला तरी दाबून बघा. अक्षरी मेनू आला आणि आयएसओ चालली, तर यंत्रणा धडधाकट आहे आणि दोष निव्वळ थीममध्ये आहे.

थीम अजिबात दिसत नाही, व्हेंटॉयचा मूळचाच चेहरा येतो? मग सेटिंगची फाइल वाचलीच गेलेली नाही. मोठ्या पार्टिशनवर अगदी वरच्या पातळीला ‘व्हेंटॉय’ नावाचा फोल्डर, त्यात ‘व्हेंटॉय डॉट जेसन’, आणि तिच्यात थीमच्या फाइलचा पत्ता असं हवं. चुका ठरलेल्या असतात. नोटपॅडनं सेव्ह करताना शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवलेलं असतं आणि विंडोज ते लपवतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केलेला असतो, त्यामुळे सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात. किंवा शेवटच्या ओळीनंतर एक जादा स्वल्पविराम राहतो. यातली एकही चूक पुरते, अख्खी फाइल बाद होते. मेनूत एफ५ दाबून टूल्समध्ये ही फाइल तपासण्याची सोय आहे, तिथे चूक असल्याचं कळतं. फाइल हातानं लिहायचा कंटाळा असेल तर ‘व्हेंटॉयप्लगसन’ वापरा. ब्राउझरमध्ये पर्याय भरायचे, फाइल तेच लिहितं.

मेनू आला पण मागचं चित्र नाही, तर चित्राचा प्रकार बघा. ग्रबला पीएनजी, जेपीजी आणि टीजीए वाचता येतात, पण त्यातही अटी आहेत. पीएनजी ‘इंटरलेस’ केलेली नको आणि जेपीजी ‘प्रोग्रेसिव्ह’ नको. एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना शाळेच्या इमारतीचाच फोटो हवा होता. फोटो कॉम्प्युटरवर, मोबाइलवर सगळीकडे उघडत होता, फक्त बूटच्या वेळी नाही. दोन संध्याकाळी मी पत्ते आणि नावं तपासण्यात घालवल्या, आणि शेवटी निघालं की फोटो प्रोग्रेसिव्ह जेपीजी होता. गिम्प या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडून एक्सपोर्ट करताना ती एक खूण काढली आणि चित्र आलं. तेव्हापासून मी आधी चित्रच पुन्हा एक्सपोर्ट करतो: साधी आरजीबी पीएनजी, इंटरलेसिंग बंद, आणि आकार स्क्रीनएवढाच. मोबाइलचा चार हजार पिक्सेलचा फोटो तसाच टाकलात तर जुन्या मशीनवर तो वाचायलाच बराच वेळ लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन अडकलं.

पडदा सगळाच काळा किंवा ‘नो सुटेबल व्हिडिओ मोड’ असेल तर रिझोल्यूशन चुकलं आहे. लॅबमधले बरेच मॉनिटर १३६६ बाय ७६८ चे असतात म्हणून लोक तेच लिहितात, पण बायोसला तो मोड माहीत असेलच असं नाही. १०२४ बाय ७६८ ठेवा. कडेनं थोडं ताणलेलं दिसेल, पण जवळपास प्रत्येक मशीनवर चालेल. पेनड्राइव्ह वीस वेगवेगळ्या मशीनवर फिरणार असेल, तर दिसण्यापेक्षा चालणं महत्त्वाचं.

चित्र आलं, मेनू नाही? थीमच्या फाइलमध्ये मेनूची जागा आणि अक्षरांचा रंग बघा. पांढऱ्या ढगांवर पांढरी अक्षरं ठेवलेली मी पाहिली आहेत.

आणि मराठी. शाळेचं नाव मराठीत दिसावं ही इच्छा अगदी रास्त आहे, पण मेनूच्या अक्षरांत ते करायला जाऊ नका. ग्रबचे फॉन्ट ‘पीएफ२’ या प्रकारचे असतात: प्रत्येक अक्षराचं एक ठरलेलं ठिपक्यांचं चित्र, एवढंच. देवनागरीला लागणारी जुळवाजुळव, म्हणजे वेलांटी अक्षराच्या आधी नेणं आणि जोडाक्षर बांधणं, ते करत नाही. ‘शाळा’ कदाचित वाचता येईल, पण ‘विद्यालय’ मोडतं: पहिली वेलांटी जागेवर बसत नाही आणि ‘द्या’मधले द आणि य सुटे पडतात. फॉन्ट कितीही बदलला तरी हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीच. मराठी नाव, बोधवाक्य, ‘पेनड्राइव्ह लॅबबाहेर नेऊ नये’ ही सूचना, सगळं गिम्प किंवा इंकस्केपमध्ये चित्रातच लिहा. मेनूच्या ओळी इंग्रजी अक्षरांत राहू द्या. चित्रातली मराठी नेहमी स्वच्छ येते.

इंग्रजी अक्षरांच्या जागीही चौकोन दिसत असतील तर फॉन्टच्या नावाचा मेळ बघा. थीममध्ये फाइलचं नाव चालत नाही, फॉन्टच्या आत नोंदलेलं नाव मापासकट तंतोतंत लागतं, जसं ‘युनिफॉन्ट रेग्युलर १६’.

मेनू चांगला, पण आयएसओ अडते

आयएसओ निवडल्यावर व्हेंटॉय दुसरा छोटा मेनू दाखवतं. नॉर्मल मोड चालला नाही तर ‘ग्रब२ मोड’ वापरा, विंडोजसाठी ‘विमबूट मोड’.

लिनक्सचं चिन्ह फिरत राहिलं तर एस्केप दाबा. ती लिनक्सची स्वतःची स्प्लॅश आहे आणि खरे संदेश तिच्यामागे झाकलेले असतात. उबुंटू २०.०४ पासून पुढे बूट होताना आयएसओची तपासणी आपोआप होते. हळू पेनड्राइव्हवर तिला कित्येक मिनिटं लागतात, आणि लोक ‘हँग झालं’ म्हणून मशीन बंद करतात. कंट्रोल-सी दाबून ती सोडता येते. एस्केपनं काही दिसलं नाही तर लिनक्सच्या मेनूत ई दाबा, कर्नलच्या, म्हणजे ‘लिनक्स’ शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द काढा आणि एफ१० दाबा. शेवटची ओळ ग्राफिक कार्डापाशी थांबत असेल तर त्याच ओळीत ‘नोमोडसेट’ घाला.

विंडोजचा इन्स्टॉलर उघडतो पण त्यात डिस्कच दिसत नाही, हे अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर वारंवार दिसतं. तिथे ‘व्हीएमडी’ या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या यंत्रणेचा ड्रायव्हर लागतो. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. पेनड्राइव्ह पुन्हा बनवून फायदा नाही.

पेनड्राइव्हच खोटा किंवा थकलेला

पहिल्या काही आयएसओ चालतात आणि नंतर टाकलेल्या चालत नाहीत, तर क्षमतेचा संशय घ्या. स्वस्तातले ‘१ टीबी’ लिहिलेले पेनड्राइव्ह आतून ३२ किंवा ६४ जीबीचेच असतात. जागा संपली की नवं लिहिणं हवेत जातं, आणि कॉम्प्युटर तक्रारही करत नाही. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, लिनक्सवर ‘एफ३’ ही साधनं पेनड्राइव्ह काठोकाठ भरून पुन्हा वाचतात आणि खरा आकार सांगतात. मोठ्या पेनड्राइव्हला काही तास लागतात, म्हणून ही तपासणी मी शेवटी ठेवतो. खोटा निघाला तर टाकून द्या, त्यावर काहीही भरवशाचं ठेवू नका.

खूप जुन्या बोर्डांचं एक वेगळं आहे. काही बायोस १३७ जीबीच्या पुढचं वाचूच शकत नाहीत. २५६ जीबीच्या अस्सल पेनड्राइव्हवरही नंतरच्या आयएसओ तिथे अडतात. अशा लॅबला मी ६४ जीबीचाच देतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बिटलॉकरची की मागितली जाते आहे आणि ती नाही: पुढे एकही बटण दाबू नका, डिस्क फॉरमॅट करू नका, आधी मालकाची सगळी ईमेल खाती शोधा. बायोसला पासवर्ड आहे आणि मशीन कार्यालयाचं किंवा बँकेचं आहे: तिथल्या सिस्टिम विभागाचंच ते काम. पेनड्राइव्हवर कोणाचे एकमेव फोटो किंवा निकालपत्रकं आहेत आणि विंडोज ‘फॉरमॅट करायचा का’ विचारतंय: नाही म्हणा, पेनड्राइव्ह काढा, डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे न्या. तुम्ही केलेल्या प्रत्येक प्रयोगानं त्याच्या हाती कमी उरतं.

चांगले चालणारे दोन वेगवेगळे पेनड्राइव्ह एकाच मशीनच्या सगळ्या पोर्टांवर दिसत नसतील, पेनड्राइव्ह चटका बसण्याइतका तापत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक येत असेल, तर तो हार्डवेअरचा दोष आहे. बायोस अपडेट करून बघू, हा मोहही आवरा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड उठतच नाही, आणि मग चिप प्रोग्राम करणारा शोधावा लागतो. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मी ते कधीच करत नाही.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना शेवटच्या स्क्रीनचा फोटो, मशीनचं मॉडेल, लेगसी की यूईएफआय, आयएसओचं पूर्ण नाव आणि हाच पेनड्राइव्ह दुसऱ्या कोणत्या मशीनवर चालला एवढं कागदावर लिहून न्या. नाहीतर तो वरच्या पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करेल, आणि त्या वेळेचे पैसे तुमचे जातील.